फोल्डरला वजन नसतं

"काकू, आता एकच उपाय उरला. फॉरमॅट."

बिराजदार खुर्चीतून उठता उठता म्हणाला. मी पाटीवर 'नाही' लिहिलं, आणि इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचा तुकडा उडून त्याच्या चहात पडला.

पाटी कशाला, तर माझं तोंड तेव्हा बंद होतं. स्वरयंत्रावर गाठ निघाली होती, ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेल्या बाईला गप्प बसवलं की तिचं काय होतं, ते मी सांगत नाही. घरात काय होतं ते आमच्या ह्यांना विचारा. ह्यांना पहिले दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी ते पाटीलाही घाबरायला लागले.

बिराजदार आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. माणूस प्रामाणिक. एकदा आला, दोनदा आला, प्रत्येक वेळी व्हायरस काढून, कॉम्प्युटर चकाचक करून गेला. आणि प्रत्येक वेळी आठवडाभरात ते भूत पुन्हा मानगुटीवर. मशीन गोगलगायीसारखं चालायचं, कुठलंही बटण दाबलं की 'परवानगी नाही' म्हणून उलट आम्हालाच दटावायचं. आता तर माझी रेकॉर्डिंगंच दिसेनाशी झाली होती. फोल्डर तेवढे जागच्या जागी, पिवळे, नावानिशी. उघडायला गेलं की काही नाही.

त्या रेकॉर्डिंगांसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. सोलापुरात आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर अंध मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना बी.ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नसत. निवृत्त झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर माईक ठेवून त्यांच्यासाठी वाचायला बसले. इतिहासाचा अख्खा पेपर वाचून काढला. स्टुडिओ वगैरे कुठला आणायचा? इंग्रजांच्या जमीन महसुलाच्या मधोमध भंगारवाला ओरडतो, आणि दर दोन पानांनी माझा आवाज येतो, "अहो, तेवढा कुकर बंद करा." मुलींना त्याची इतकी सवय झाली होती की एका धड्यात कुकर नव्हता, तर त्यांनी निरोप पाठवला, बाईंची तब्येत बरी आहे ना?

दर गुरुवारी आमचे हे स्कूटरवरून स्टीलचा डबा घेऊन वसतिगृहात जायचे. डब्यात बेसनाचे लाडू नाहीतर चिवडा, आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह दोन होते. एक द्यायचा, आधीचा आणायचा. तिकडे ऐकून झालेलं पुसून पुढचं घ्यायचे, सगळं साठवलेलं ते माझ्याच कॉम्प्युटरवर. डबा परत यायचा तो शेंगाचटणी नाहीतर कडक भाकरी भरून. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या मुलींनी पेनड्राइव्हलाही तोच नियम लावला होता. त्यात 'बाईंसाठी' नावाचा फोल्डर असायचा. कधी एखादीचं गाणं, कधी वसतिगृहातल्या गमती, कधी मेसच्या आमटीवर कुणी रचलेली चार कडवी. गुरुवारी संध्याकाळी चहा घेत ते ऐकायचं, हा माझा सण होता.

परीक्षा महिन्यावर आली होती. पाचसहा जणी त्या पेपरला बसणार होत्या, आणि त्यांतली एक अनुसया कोळेकर. सांगोल्याकडची, जन्मापासून अंध, आईबाप नाहीत, मामाकडे वाढलेली. आदल्या वर्षी तिचा नेमका इतिहासच राहिला होता. या वर्षी पदवी हातात पडली नाही तर गावी परत यायचं, असं मामानं सांगून टाकलं होतं. परत जाऊन काय, तर गोठ्याशेजारच्या खोलीत बसून राहायचं. मुलगी हुशार, फटकळ, जरा माझ्याच वळणाची. म्हणून माझी जास्त लाडकी.

आता कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा म्हणजे सगळं पुसलं जाणार, आणि मी तर मुकी. पुन्हा वाचणार कोण? आमच्या ह्यांनी हौसेनं एक धडा वाचून बघितला होता. बसस्थानकावर गाड्या पुकारतात तसं वाचतात ते. मुलींनी फार अदबीनं कळवलं, काका, राहू द्या.

तेव्हा बिराजदारला मी पाटीवर लिहून दिलं, 'दोन दिवस थांब.' तो गेला. त्याच दिवशी गुरुवार होता. हे डबा घेऊन गेले ते नेहमीपेक्षा बरेच उशिरा परत आले. कुठे होतात म्हणून पाटी पुढे केली, तर म्हणाले, रस्त्यात गर्दी होती. दुपारी सोलापूरच्या उन्हात रस्त्यावर कुत्रं नसतं, गर्दी कुठली. पण भांडायला आवाज लागतो, मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली आणि अनुसया काठी टेकत दारात. हातात एक सीडी.

"बाई, तुमचं मशीन ऐकायला आले," ती म्हणाली.

मी आनंदानं पाटीवर लिहायला घेतलं आणि मधेच थांबले. पाटी हिला कशी दाखवायची? आता माझ्या तोंडातून शब्द निघायचा तो ह्यांच्या तोंडून. मी लिहायचं, ह्यांनी वाचायचं. मी 'आली गं माझी बाय' असं लिहिलं तर हे म्हणाले, "बाईंना आनंद झाला आहे." अनुसया हसून म्हणाली, "काका, बाई असं बोलत नाहीत."

बिराजदारलाही बोलावून घेतलं. अनुसयानं सीडी घातली. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम होता तो, त्यांच्या वसतिगृहात त्याच्यावरच काम चालायचं. खरखरीत आवाजात तो भराभर बोलायला लागला, माझ्या तर कानाला एक शब्द कळेना. ती मात्र मान कलती करून ऐकत होती आणि तिची बोटं किबोर्डवर चालत होती. माऊसला तिनं हातही लावला नाही. "पडदा बंद केला तरी चालेल," असं वर बिराजदारला म्हणाली.

आधी तिनं एकच गोष्ट ऐकली. डिस्क भरलेली आहे की रिकामी? आवाजानं सांगितलं, भरलेली.

"मग बाईंचं वाचन गेलं कुठं?" ती म्हणाली. "गेलं असतं तर जागा मोकळी झाली असती. घरातच आहे की ते."

बिराजदार पुढे सरकला. ती एकेका फोल्डरवर जात राहिली. इतिहास एक. इतिहास दोन. आवाज प्रत्येकाचं नाव सांगायचा आणि पुढे आणखी काहीतरी पुटपुटायचा. चारपाच झाले आणि तिची बोटं थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

"बिराजदारदादा, फोल्डरला वजन असतं का हो?"

"म्हणजे?"

"फायलीला वजन असतं, इतके केबी, तितके केबी. आत काय ठेवलंय त्याचं असतं ते. नुसत्या फोल्डरपुढं हा आवाज आकडा सांगत नाही कधी. आमच्याकडच्या जुन्या मशीनवर नाही सांगत. इथं प्रत्येकापुढं सांगतोय. आणि सगळ्यांचं वजन एकच."

बिराजदारनं पडद्याकडे बघितलं. मीही बघितलं. उजव्या बाजूला बारीक अक्षरात खरोखरच प्रत्येक फोल्डरपुढे तोच तो आकडा होता. महिनाभर आम्ही दोघं त्या पडद्यात डोळे घालून बसलो होतो, पण पिवळं चित्र दिसलं की माणूस पुढचं वाचतो कशाला? तिला ते चित्र नव्हतंच. तिच्यापर्यंत फक्त नाव आणि वजन पोचत होतं.

"अरे देवा," बिराजदार म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग त्यानंच समजावून सांगितलं. हे फोल्डर नव्हतेच. फोल्डरचं सोंग घेतलेला व्हायरस होता. खऱ्या फोल्डरांना लपवून त्यांच्या नावानं स्वतः दारात बसला होता. त्याच्यावर क्लिक केलं की तो जागा व्हायचा, वर खरा फोल्डरही उघडून द्यायचा, म्हणजे कुणाला संशय नको. आता माजला होता, म्हणून उघडून देणंही बंद केलं होतं. "बहुरूपी आहे, काकू," तो म्हणाला. "आणि मी आपला औषधं मारत बसलो."

अनुसयानं एक सोंग पुसलं. क्षणभरात आवाजानं तेच नाव पुन्हा घेतलं. तिनं पुन्हा पुसलं, पुन्हा ते हजर. "मुख्य कुठंतरी बसलाय," ती म्हणाली. "तो चालू आहे तोवर ही पिल्लं मरायची नाहीत."

तेव्हा बिराजदारनं सेफ मोड काढला. त्यात कॉम्प्युटर अगदी गरजेपुरता सुरू होतो, म्हणजे व्हायरसलाही उठता येत नाही. व्हायरसनं बाकीच्या वाटा बंद केल्या होत्या, म्हणून काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करूनच काम करावं लागणार होतं. बिराजदार म्हणाला, मी माऊसवर वाढलेला माणूस, ते हुकूम मला धड आठवत नाहीत. अनुसयाला मात्र ते तोंडपाठ होते. एवढ्यात त्याला फोन आला, एका दवाखान्याचं मशीन बंद पडलं होतं, जावंच लागलं. अर्ध्या तासात येतो म्हणून तो गेला.

अनुसयानं किबोर्डवर हात ठेवला आणि थांबली. खोलीत काहीच आवाज नव्हता. सेफ मोडमध्ये साऊंडही चालत नाही. तो खरखरीत आवाज गेला होता. सकाळपासून पहिल्यांदाच ती मुलगी गोंधळलेली दिसली, बोटं नुसती बटणांवरून फिरत होती.

"काका, पडद्यावर काय आहे?"

हे चष्मा सावरून पुढे झाले. "काहीतरी झालं नाही म्हणतंय."

"काय झालं नाही? शब्द सांगा की काका. जसेच्या तसे."

"बरंच लिहिलंय गं. म्हणजे थोडक्यात असं, की…"

थोडक्यात ऐकून चालणार नव्हतं. माझे खरे फोल्डरही त्याच डिस्कवर होते, एखादा चुकीचा हुकूम गेला की तेच पुसले जायचे. मी ह्यांना बाजूला केलं, तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सरक. मी वाचते."

कितीतरी दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. फाटका, खरवडलेला. अनुसया खुर्चीवरून जवळजवळ उठलीच.

"बाई, तुम्ही नको. बिराजदारदादा येतील की."

"बस खाली," मी म्हणाले.

बसली. मग म्हणाली, "बरं. पण एकदाच वाचा. कुठलीही ओळ दुसऱ्यांदा वाचायची नाही."

मला जरा लागलं. एवढा ताठा? माझ्या वर्गात 'पुन्हा सांगा बाई' म्हणायला मुलींना कधी लाज वाटली नव्हती. पण तिनं शब्द खरा केला. मी इंग्रजी अक्षरं, उभ्या रेघा, तिरक्या रेघा वाचत गेले, आणि ती ऐकून लगेच हुकूम टाइप करत गेली. कुठलं ठेवायचं, कुठलं पुसायचं, आधी कुठं काय ऐकलं होतं, सगळं तिच्या डोक्यात रांगेनं लावलेलं. चूक नाही, पुन्हा विचारणं नाही. हे मागे उभे राहून माझ्या घशाकडे बघत होते.

सोंगं संपली. आता मुख्य शोधायचा. त्याचंही वजन तेवढंच असणार, असं तिचं म्हणणं. कॉम्प्युटरच्या पोटातल्या फायलींची लांबच लांब यादी पडद्यावर सरकायला लागली. मी पहिलं नाव वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नका," ती म्हणाली. "तो आकडा दिसला की टेबलावर टिचकी मारा. नाही दिसला तर काहीच करू नका. मी पुढं सरकवते."

म्हणजे हिला माझं वाचणं नको झालं का? मी घुश्शातच पडद्याकडे बघत बसले. पानं सरकत होती, ती मान खाली घालून माझ्या टिचकीची वाट बघत होती. आणि एका पानावर, अगदी खालच्या ओळीत, तो आकडा. मी टेबलावर इतक्या जोरात टिचकी मारली की नख दुखलं.

नाव तेवढं वाचून दाखवलं. तिनं हुकूम दिला आणि तो मेला. मग आणखी एक हुकूम, लपवलेलं सगळं उघडं करायचा. पडद्यावर माझे फोल्डर एकाखाली एक उमटायला लागले. मी ती रांग नुसती बघत राहिले, डोळ्यांना धार लागली होती. अनुसयाला ते कसं कळलं कोण जाणे, तिनं हात लांब करून माझं मनगट धरलं.

बिराजदार परत आला तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा नेहमीसारखा सुरू झाला होता आणि खरखरीत आवाज फोल्डरांची नावं घेत होता. नुसती नावं. कुणालाच वजन नव्हतं. बिराजदारनं उभ्यानं सगळं ऐकलं, मग तिला म्हणाला, "ताई, मला हे काळ्या पडद्याचं शिकवाल का?" आणि तो खरंच पुढे चार रविवार वसतिगृहात जाऊन शिकून आला.

पण त्या दिवशीचं काम अजून संपलं नव्हतं. अनुसयानं कालच्या डब्यातून आलेला, अजून न लावलेला पेनड्राइव्ह मागितला. लावला, ऐकला, आणि तिचा चेहरा उतरला. 'बाईंसाठी'. पुढे आकडा. तोच.

"बाई, हे आमच्याकडनंच येतंय," ती हळूच म्हणाली. "आमच्या नव्या मशीनमध्ये असणार. आम्ही आपलं दर गुरुवारी तुम्हाला…"

बिराजदारनं कपाळाला हात लावला. तो दर वेळी विचारायचा, काकू, बाहेरचं काही लावता का? आणि मी मान हलवायचे, नाही. त्याला दाखवायचे तो पेनड्राइव्ह माझ्या कामाचा, पुसून तयार ठेवलेला. दुसरा तेव्हा वसतिगृहात असायचा. आणि मुलींनी पाठवलेलं गाणं बाहेरचं कसं? प्रसाद आला तर तो चिवडून बघतं का कुणी?

"आता काही पाठवणार नाही आम्ही," अनुसया म्हणाली.

मी पाटी ओढली, लिहिलं, ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी या वेळी ते जसंच्या तसं वाचलं. "गधडे, डबा रिकामा आला तर बघ. आधी तुमची मशीनं झाडून काढा, मग पाठवा."

तिनं ती झाडून काढली. पुढच्या गुरुवारी सगळ्या मुलींना इतिहास पुन्हा मिळाला.

माझं ऑपरेशन झालं, परीक्षा झाली, निकाल लागला. निकालाच्या दिवशी अनुसया स्वतः डबा घेऊन आली. त्यात पेढे होते. पहिल्या वर्गात पास, आणि इतिहासात कॉलेजात पहिली. आता मामाची टाप नव्हती तिला परत न्यायची. तोवर मला बोलायची मुभा मिळाली होती, पण घशातून निघायचं ते हे असंच, आता तुम्ही ऐकताय ना, तसं. डॉक्टर म्हणत, सावकाश सुधारेल. मी वाट बघत होते.

अनुसया हसत हसत परीक्षेची गंमत सांगायला लागली. ती उत्तर सांगायची आणि लेखनिक मुलगी लिहायची. रयतवारीचं उत्तर रंगात आलं होतं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तेवढा कुकर बंद करा." लेखनिक पेन थांबवून म्हणाली, हेपण लिहू का?

मी हसले, आणि मग थांबले. "म्हणजे कुकरसकट पाठ होतं तुझं?"

"सगळं पाठ होतं. भंगारवाला पण."

"कधी केलंस?"

"दिवाळीतच झालं होतं की."

दिवाळी. म्हणजे व्हायरस यायच्या कितीतरी आधी. "मग तू इथे येऊन एवढी झटलीस ती त्या बाकीच्या मुलींसाठी?"

"त्यांना मी सांगितलं असतं तोंडी," ती म्हणाली. मग ह्यांच्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "काका, सांगू का?"

हे खुर्चीत बसून स्कूटरची किल्ली उगाच फिरवत होते. 

"त्या गुरुवारी काका आमच्याकडं बसून होते बराच वेळ. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, ऑपरेशननंतर बाई बोलतील, पण हा आवाज परत यायचा नाही. काका म्हणाले, आणि तिकडं तो बिराजदार सगळं पुसायचं म्हणतोय." तिनं डब्याचं झाकण उगाचच दाबून बसवलं. "पुस्तक काय बाई, पुन्हा कुणीही वाचलं असतं. तुमचा आवाज कुठनं आणायचा होता आम्ही?"

एकदाच वाचा. वाचू नका, टिचकी मारा. मला वाटलं होतं, पोरगी ताठ आहे. ती माझा एकेक शब्द वाचवत होती. मी तिला जवळ ओढलं आणि रडले, तिच्या खांद्यावर, अगदी मोठ्यानं, म्हणजे माझ्याच्यानं होईल तेवढ्या मोठ्यानं.

ती गेल्यावर संध्याकाळी मी कॉम्प्युटर लावला. इतिहास एक. वजन नाही, हे बघून घेतलं आणि उघडलं. माझा आवाज खोलीभर झाला. खणखणीत, जरा हुकमी, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी डोळे मिटून ऐकत होते. इंग्रज आले, महसूल ठरला, भंगारवाला ओरडून गेला.

"अहो, तेवढा कुकर बंद करा."

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आला. आमचे हे लगबगीनं उठून स्वयंपाकघरात गेले, आणि बराच वेळ तिकडेच उभे राहिले. गॅसवर काही नव्हतं.